छायाचित्रात महिला स्पष्ट दिसते

दादरला एक साड्यांचं दुकान बंद झालं,
तिथून मी ती नऊशेला उचलली.
फायबरची. मापाने चौतीस. डाव्या हाताची करंगळी नाही.
अंगात हळदी ब्लाउज, मीच शिवून नेलेला, बसतो का बघायला.
नाकाचा रंग उडू नये म्हणून
डोक्याभोवती बायकोची ओढणी गुंडाळली,
कमरेला नाडी टाकून माझ्याशी बांधली
आणि स्कूटरवरून निघालो भांडुपला.

घाटकोपरच्या श्रेयस सिग्नलला
खांबावरच्या कॅमेऱ्याने आम्हा दोघांना पाहिलं.

चौथ्या दिवशी मोबाइलवर पावती:
सहप्रवासी विनाहेल्मेट. रुपये पाचशे.

मी अर्ज केला. शाळेतल्यासारखा समास सोडून,
सविनय, विषय, संदर्भ,
की सदर इसम हा इसम नसून पुतळा आहे,
सोबत खरेदीची चिठ्ठी जोडली आहे.
एकवीस दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं:
तक्रार अमान्य. छायाचित्रात महिला स्पष्ट दिसते.

बायकोने ती ओळ दोनदा वाचली
आणि विचारलं, "कोण होती?"
हसतच. पण विचारलंच.

गिऱ्हाइकं म्हणाली, भरून टाका ना मास्तर,
पाचशेत हल्ली धड अस्तर येत नाही.
खरं आहे.
पण तीस वर्षं टेपवर जगलोय मी,
अर्धा इंच चुकला तर रात्री बसून उसवलंय.
जे नव्हतं ते होतं म्हणायचं
आणि वर पैसे मोजायचे, ते हाताला जमेना.

विक्रोळी कोर्टाच्या गेटवर
हवालदाराने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.
"हिचं आधार कार्ड?"
मग स्वतःच हसला
आणि मशीनमधून तिला आडवी सरकवली,
पाय पुढे करून. ते मला आवडलं नाही.

बाकावर गर्दी. चेक बाउन्सवाली एक बाई
जरा सरकली, जागा केली.
मला नाही, हिला.

साडेबाराला पुकारा झाला: चौकेकर हेरंब वासुदेव!
मॅजिस्ट्रेट मॅडमचा गाऊन डाव्या खांद्याला दीड बोट उतरलेला.
साक्षीला आलेल्या पोलिसाचा शर्ट दोनदा सैल केलेला,
आता आत माया उरली नव्हती.
शिवताना आम्ही कापड जास्तीचं सोडतो ना आत,
माणूस पुढे बदलेल म्हणून, ती माया.
त्या एका ओळीच्या उत्तरात
ती कुणी सोडलीच नव्हती.

मॅडमनी फोटो पाहिला. तिच्याकडे पाहिलं. परत फोटो.
"ओढणी सोडा."
मी सोडली.
टक्कल. रंगवलेले डोळे. गालावर टवका.
कोर्ट असं गप्प झालं
जसं खऱ्याच बाईला सगळ्यांदेखत उभं केलंय.
पोलीस हळूच म्हणाला, "पण मॅडम, फोटोत दिसतेय."
"हो," मॅडम म्हणाल्या, "मलाही दिसली असती."
आणि लिहिलं: पावती रद्द.

मी वाकलो तिला उचलायला.
"थांबा," शिरस्तेदार म्हणाले, "ती पुराव्यात आली आता.
मुद्देमाल. अपिलाची मुदत सरेपर्यंत जमा."
गळ्यात दोऱ्याने पुठ्ठा अडकवला, नंबर टाकला.
ब्लाउज तरी काढून घेऊ का, विचारलं.
नाही म्हणाले. आहे तशीच.

पाचशे वाचले.
तीन खाडे झाले, नऊशेची बाई आत राहिली,
दुकानात तिच्या जागी सध्या हँगर.

परवा दादरहून अस्तरं घेऊन येताना
श्रेयसला सिग्नल लाल झाला.
पट्ट्याच्या हातभर अलीकडे थांबलो,
वर कॅमेऱ्याकडे पाहिलं,
आणि नकळत सीटवर पुढे सरकून बसलो,
मागे एकाची जागा सोडून.